कृतज्ञतेची रोजकीर्द

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात तिरला येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेल्या विद्वानांनी वेदान्ताचे व भक्तिशास्त्राचे मोठमोठे विषय आपणांपुढे मांडले. मी पाठशाळेतील एक साधा अध्यापक. मला गुरुमहाराजांनी विषय दिला तो एका वहीचा. ‘गेले दीड वर्ष जी वही लिहितो आहेस, तिच्याविषयी बोल, वही मात्र दाखवू नकोस,’ अशी आज्ञा झाली. धारच्या बाजारात घेतलेली ती एक शंभर पानी वही आहे. सायंसंध्येनंतर, त्या दिवशी मजवर कोणी काय उपकार केला ते एक-दोन ओळींत लिहावे, एवढाच तिचा नियम. ऐकावयास हा नियम इतका सोपा आहे की, त्यावर व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते.

प्रथम शब्दाचा विचार करू. कारण शब्दापासून आरंभ करणे ही आम्हां पाठशाळेतल्यांची खोडच आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे काय? जो कृत जाणतो तो कृतज्ञ. यातील धातू ‘ज्ञा’ आहे. हृदय भरून येणे, कंठ दाटणे, डोळ्यांत पाणी येणे, यांपैकी काहीही त्या शब्दात नाही. आपल्यासाठी जे केले गेले त्याचे ज्ञान असणे, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट ‘कृतघ्न’ शब्दात ‘हन्’ धातू आहे. केलेले जो मारून टाकतो तो कृतघ्न. आता, केलेली गोष्ट मारावयाची तरी कशी? ती तर घडून गेलेली असते. तिला मारण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे ती विसरणे.

वाल्मीकींनी किष्किंधाकांडात हेच दाखविले आहे. सुग्रीव रामाचा शत्रू झाला नव्हता, त्याने दगाही दिला नव्हता. राज्य मिळाले, पत्नी मिळाली, पावसाळ्याचे चार महिने सुखात गेले, आणि शरद ऋतू आला तरी दिलेले वचन त्याला आठवले नाही, एवढेच. तथापि लक्ष्मण धनुष्य घेऊन किष्किंधेच्या दारी उभा राहिला तो एवढ्यासाठीच. इतर पातकांना प्रायश्चित्त आहे, कृतघ्नतेस नाही, असा विचार त्या प्रसंगी आला आहे, तो सुखात विसरलेल्या मित्राला उद्देशून. श्रोतेहो, आपणांपैकी दुष्ट कोणी नसेल. परंतु सुखात विसरलेला नाही असा कोण आहे?

कृतज्ञता ही भावना नसून ज्ञान असेल, तर ज्ञानाला जो नियम लागू तोच तिलाही लागू होतो. ज्ञान नेमके असावे लागते, आणि ते आवृत्तीवाचून टिकत नाही. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ऋणाचा विचार नित्यकर्मात गोवला. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनी बद्ध असल्याचे सांगितले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण याच्याही पुढे जाते. तेथे जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणीच जन्मतो असा विचार आहे, आणि त्या तिहींच्या जोडीस चौथे ऋण मांडले आहे, ते मनुष्यांचे. ते फेडण्याची रीत म्हणजे आल्यागेल्यास आसरा देणे आणि अन्न देणे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही नावे आपल्या तोंडी सहज येतात. चौथे नाव मात्र मागे पडले. माझ्या वहीने मला जे शिकविले ते बहुतेक या चौथ्या ऋणाविषयीच आहे.

वहीसारखी एक यादी आपल्या परंपरेत फार पूर्वीच होऊन गेली आहे. श्रीमद्‌भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आणि नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात त्या प्रकरणाचा मोठा विस्तार केला आहे. त्या यादीत पृथ्वी, वायू, आकाश आहेत. मधमाशी, हरिण, मासा आहेत. पिंगला नावाची वेश्या आहे, बाण करणारा कारागीर आहे आणि हातांतली कांकणे वाजू नयेत म्हणून ती एकेक उतरविणारी कुमारिका आहे. या चोविसांपैकी एकालाही आपण कोणाला काही शिकविले याची वार्ता नाही. उपकार करणाऱ्याच्या मनात उपकार नव्हता, तरी घेणाऱ्याने तो टिपून ठेवला. शिवाय अवधूत ‘सृष्टीने मला शिकविले’ असे मोघम बोलत नाही. कोणी, आणि नेमके काय, हे तो एकेक करून सांगतो.

हे सर्व मी विद्यार्थ्यांना शिकवीत होतो, आणि तरीही माझ्या वहीचे पहिले पान पूर्णपणे फसले. पहिल्या आठवड्यात मी लिहिले ते असे: ‘ईश्वराची कृपा. गुरूंची कृपा. निरोगी शरीर. उत्तम संगती.’ दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी गुरुमहाराजांनी वही पाहिली आणि म्हणाले, “अरे, हे स्तोत्र झाले. कीर्द कोठे आहे? दुकानदार ‘लक्ष्मीची कृपा’ एवढेच लिहून दुकान बंद करतो काय? कोणाकडून, काय, किती, हे लिही.” मग त्यांनी स्वतः पानावर तीन रकाने आखून दिले. पहिला ‘कोणी’. दुसरा ‘काय केले’. तिसरा ‘त्याला काय पडले’.

सज्जनहो, पहिले दोन रकाने भरणे अवघड नाही. माणसाचे डोळे उघडतात ते तिसऱ्याने.

त्याच संध्याकाळी मी त्या दिवसाचा क्रम आठवू लागलो. पहाटे मी अंगणात आलो तेव्हा अंगण झाडलेले होते. आदल्या दिवशीच्या पंक्तीची मोठी पातेली घासून उपडी घातलेली होती. हे कोणी केले? माईंनी. बरे, माई म्हणजे कोण? पलीकडच्या फळियातून पहाटे येणाऱ्या त्या बाईंना सर्व विद्यार्थी माई म्हणतात, म्हणून मीही म्हणत होतो. अकरा वर्षे म्हणत होतो. पहिल्या रकान्यात नाव लिहावयाचे, तर मला त्यांचे नावच ठाऊक नव्हते! अष्टाध्यायीची सूत्रे ज्याला क्रमाने येतात त्या माणसाला, ज्या हातांनी घासलेल्या ताटात तो जेवतो त्या हातांचे नाव येत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी विचारले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “महाराज, ते नाव आता रेशनकार्डावरच राहिले आहे.” ते नाव मी येथे सांगत नाही. ते वहीत आहे.

आता तिसरा रकाना: त्याला काय पडले? पहाटे उठून अंधारात चालत येणे पडले. थंडीच्या दिवसांत गार पाण्यात हात घालणे पडले. आणि आम्ही त्याबद्दल काय देत होतो? पाठशाळेचा जमाखर्च माझ्याच हाती आहे. मी मागील वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. सात वर्षांत त्यांचा मासिक मेहनताना एका रुपयानेही वाढलेला नव्हता. तेलाचा भाव वाढला, तो मी लिहिला. गव्हाचा वाढला, तोही लिहिला. हा आकडा मात्र महिन्यामागून महिना मी माझ्याच अक्षरात तसाच उतरवीत आलो होतो. कारण माईंनी कधी मागितले नाही, आणि मी कधी पाहिले नाही.

मी वही घेऊन गुरुमहाराजांकडे गेलो. त्या पानावर मी आभाराची चांगली चार वाक्ये लिहिली होती. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, “ही वाक्ये खोड. जेथे देणे थकले आहे तेथे आभार लिहू नयेत. आधी देणे दे.” थकबाकीचा हिशेब झाला, पुढचा मेहनतानाही ठरला. मी पैसे घेऊन गेलो तेव्हा माईंनी ते शांतपणे मोजले आणि विचारले, “हे तुमच्या पदरचे की मठाचे?” मी म्हणालो, “मठाचे देणे आहे.” “मग ठीक,” असे म्हणून त्यांनी ते पदराला बांधले. माझ्या पदरचे असते तर त्यांनी ते घेतले नसते, हे मला त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसले. दान आणि देणे यांतील भेद त्यांना माझ्याहून अधिक कळत होता.

आपल्या सभांतून आभारप्रदर्शन करणारा वक्ता शेवटी एक ठरलेले वाक्य बोलतो, ‘मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो.’ मीही ते अनेकदा बोललो आहे. त्या दिवसापासून मला त्या वाक्याची भीती वाटू लागली. जे ऋण फेडता येण्याजोगे आहे, त्यात राहू इच्छिणारा तो कसला कृतज्ञ? मराठीत ‘उतराई होणे’ असा सुंदर प्रयोग आहे. जेथे उतराई होणे शक्य आहे तेथे उतराईच व्हावे. जेथे ते खरोखरच शक्य नाही, तेथे मात्र ऋणात राहण्याचा अधिकार मिळतो.

असेही एक ऋण वहीत निघाले. वही लिहू लागल्यावर काही महिन्यांनी मी विद्यार्थ्यांना लघुकौमुदी शिकवीत असता माझी जुनी, पहिली प्रत हाती आली, आणि त्या संध्याकाळी मी लिहिले: ‘कोणी? दादाने. काय केले? लघुकौमुदी घेऊन दिली.’ तिसऱ्या रकान्यात लेखणी थांबली. माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि माझा थोरला भाऊ सोळा वर्षांचा. त्याने शाळा सोडली आणि आपल्याच जिल्ह्यातील पीथमपूरच्या एका कारखान्यात तो कामाला लागला. मी पाठशाळेत आलो. महिन्यातून एका रविवारी तो मला भेटावयास येई. त्याच्या नखांत काळे वंगण असे. एकदा सहाध्याय्यांनी ‘हे कोण?’ असे विचारले असता मी ‘गावाकडचे आहेत’ एवढेच उत्तर दिले होते. दादाने ते ऐकले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही.

तिसरा रकाना भरण्यासाठी मी पीथमपूरला गेलो आणि त्याला विचारले, “दादा, त्या पुस्तकाचे पैसे तू कोठून आणले होतेस?” तो आठवू लागला. म्हणाला, “त्या महिन्यात दोन-दोन पाळ्या करीत होतो बहुधा. का रे?” मी काय बोलणार? ‘गावाकडचे आहेत’ हे वाक्य माझ्या घशाशी आले होते. ते मी त्याला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग उठला आणि म्हणाला, “हात धू. पाने वाढली आहेत.”

श्रोतेहो, त्या उत्तरात क्षमा होती की विस्मरण, हे मी सांगू शकत नाही. हे ऋण फिटणारे नाही. पुतणी दहावीत आहे. तिला मी एक रविवार आड संस्कृत शिकवावयास जातो. ती फेड नव्हे. परंतु रविवारी बसने कोणाकडे जाणे म्हणजे काय, हे त्यामुळे मला आता कळते.

अशी वही लिहिण्याचा प्रयोग आपणच करतो असे नाही. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यात काही लोकांनी दहा आठवडे, दर आठवड्यास कृतज्ञता वाटणाऱ्या पाच गोष्टी लिहिल्या, आणि त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा ते अधिक समाधानी आढळले. पुढे 2005 मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांस लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांस झाला नाही. वारंवार केल्याने त्यातील ताजेपणा जात असावा, असा त्यांचा तर्क आहे. माझा पहिला आठवडा आठवतो तेव्हा मला तो तर्क पटतो. नित्यकर्माचा शत्रू आळस तर आहेच. पण सवय हाही त्याचा शत्रू आहे.

जपानमध्ये योशिमोतो इशिन (1916–1988) या बौद्ध उपासकाने ‘नाइकान’ नावाची आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली. तीत एकेका व्यक्तीविषयी तीन प्रश्न विचारावयाचे असतात: मला तिच्याकडून काय मिळाले, मी तिला काय दिले, आणि मी तिला कोणता त्रास दिला. सर्वांत अधिक वेळ तिसऱ्या प्रश्नास द्यावा असा त्या पद्धतीचा आग्रह आहे. हे वाचताना मला मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील पंचसूना आठवल्या. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या घरातील पाच नित्य वस्तूंपाशी नकळत हिंसा होते, आणि तिच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले आहेत. म्हणजे आपल्या सुखासाठी कोणाला काय सोसावे लागले, हा प्रश्न आपल्या शास्त्रानेही चुलीपाशीच विचारला आहे. उपकारांच्या वहीत अपकारांचे पानही असावे लागते.

तो प्रश्न घरापुरता राहत नाही. आपला धार जिल्हा नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. परिक्रमावासी दारी आला की त्याला पीठ, डाळ, तांदूळ यांचे सदाव्रत देण्याची रीत या तीरावरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. शतपथातील चौथ्या ऋणाची फेड ग्रंथ न वाचता करणारी ही माणसे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि आपल्याच जिल्ह्यातील निसरपूर, चिखल्दा यांसारखी गावे पाण्याखाली गेली. त्या धरणाच्या विजेचा 57 टक्के वाटा आपल्या राज्याचा, 27 टक्के महाराष्ट्राचा आणि 16 टक्के गुजरातचा आहे. धरण असावे की नसावे, हा वाद घालण्यास मी अधिकारी नाही. परंतु संध्याकाळी मी दिव्याचे बटण दाबतो तेव्हा तिसऱ्या रकान्यात काय लिहावयाचे? दिवा लागला, एवढे लिहून कृतज्ञतेचे काम होत नाही. तो कोणाला काय पडला, हे जाणावे लागते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे. कृतज्ञतेचा उपदेश म्हणजे गरिबाने तोंड मिटून समाधानी राहावे यासाठी काढलेली युक्ती नव्हे काय? श्रोतेहो, तसा उपयोग होऊ शकतो आणि झालाही आहे. म्हणून या वहीचा पहिला नियम असा की, ती ज्याची त्याने लिहावी. ऋणकोने धनकोस कृतज्ञतेचा उपदेश करू नये. माईंना ‘तुम्हीही अशी वही लिहा’ असे सांगण्याचा मला यत्किंचितही अधिकार नाही. उलट, त्यांचा हिशेब चुकता आहे की नाही हे पाहण्याचे कर्तव्य मला आहे.

दुसरा नियम असा की, ही वही कोणास दाखवू नये. कृतज्ञता चारचौघांत मिरविण्याची साधने आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. दाखविण्यासाठी लिहू लागलो की उपकार करणारा मागे पडतो आणि लिहिणारा पुढे येतो. तिसरा नियम म्हणजे रोज एकच कलम लिहावे, पण नावानिशी आणि तिन्ही रकाने भरून. आणि एकदा लिहिलेले कलम महिनाभर पुन्हा लिहू नये. त्यामुळे नजरेला दूर जावे लागते. चौथा नियम हिशेबनिसांचा आहे. कीर्दीवरून खतावणी करतात, तशी दर अमावास्येस वही वाचावी, कोणाचे देणे फिटण्याजोगे आहे ते पाहावे आणि निदान एकाचे तरी फेडावे. तिसरा रकाना कोरा राहिला तर लाजू नये. उठावे, जावे आणि विचारावे.

आरंभ करण्यास मुहूर्त नको. आज घरी गेल्यावर आपणांस पान वाढले जाईल. ते कोणी वाढले, त्यांना काय पडले, आणि त्या स्वतः जेवल्या की नाहीत, एवढ्याची चौकशी केलीत तरी पहिले कलम झाले.

शेवटी एक विनंती करून थांबतो. या महोत्सवानिमित्त जो स्मरणग्रंथ निघत आहे त्यात देणगीदारांची नामावळी छापली जाईल, आणि ती योग्यच आहे. त्या नामावळीच्या शेवटी एक पान अधिक असावे. ज्यांनी या मठाचे पाणी भरले, भांडी घासली, सरपण वाहिले, अंगण झाडले आणि रात्री गोठ्यावर राखण केली, त्यांची नावे, त्यांना विचारून, त्यांची अनुमती घेऊन, त्या पानावर लिहावीत. काही नावे आता सांगणारे कोणी उरले नसेल. त्यांच्यासाठी तेवढ्या ओळी कोऱ्या ठेवाव्यात. कोऱ्या ओळीसही अर्थ असतो. येथे कोणीतरी होते, आणि आम्ही विचारावयास उशीर केला, असे ती सांगते.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आपला वेळ दिलात. तो आज माझ्या वहीत लिहिला जाईल.

इति शम्।